उसनं नाक

आमच्या ह्यांचं नाक फार मोठं होतं असं नाही. चेहऱ्याला शोभेल इतपतच होतं. पण त्या नाकावर आमचं घर चाललं, हे मी कुणाहीपुढे सांगेन. गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली की हे आधी मागे जायचे, धुराच्या नळीशी उकिडवे बसायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि सांगायचे, "पेट्रोल जास्त जातंय," नाहीतर, "उपाशी चाललीय बिचारी." मग पुढे येऊन एक स्क्रू जरासा फिरवायचे. मोठमोठ्या गॅरेजांतून तोंड पाडून आलेली माणसं आमच्याकडून हसत जायची.

मला मात्र त्या नाकाचा जाच होता. गॅरेजच्या मागच्या खोलीत माझं काम चालतं. मी कवळ्या करते, दातांवरच्या टोप्या करते. दातांचे काही डॉक्टर मला ठसे पाठवतात. कवळीच्या गुलाबी हिरड्या पावडर आणि लिक्विड कालवून होतात, आणि बरणी उघडली की त्या लिक्विडचा वास नवख्याच्या थेट डोक्यात जातो. मला तो येत नाही. इतकी वर्षं त्यात बसल्यावर कुणालाच येणार नाही. हे माझ्या दारात यायचे, उंबऱ्याबाहेर थांबायचे आणि म्हणायचे, "अगं, झाकण लाव." चहाला बोलवायचं असो, गिऱ्हाइकाशी वाजलेलं सांगायचं असो, सुरुवात तीच. इतरांचे नवरे बायकोला नावाने हाक मारतात, मला बरणीवरून हाक यायची. मीही मग मुद्दाम झाकण सापडत नसल्यासारखं करायची.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल परत, किंवा नाहीही येणार." डॉक्टरांचं हे बोलणं मला फार आवडतं, काहीही झालं तरी ते बरोबरच.

हे लगेच कामाला लागले. प्लग बघून, आवाज ऐकून भागवत होते. आणि मग ते सुईणबाईंच्या गाडीचं प्रकरण झालं. आमच्या भागातल्या अर्ध्या मुलांना या बाईंनी जगात आणलंय. वेळी-अवेळी गाडी काढून धावतात. ह्यांनी गाडी नीट करून दिली, आणि बाई दुसऱ्या चौकातून परत आल्या. खाली पेट्रोलची नळी ठिबकत होती. बाईंना सिग्नलला थांबल्यावर वास आला. त्या रागावल्या नाहीत, ह्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, आणि तेच ह्यांना जास्त लागलं. अख्ख्या गॅरेजभर तो वास असणार. ह्यांना आला नाही, आणि मी माझ्या लिक्विडात बसलेली. ह्यांनी नळी बदलली, बाईंची माफी मागितली, त्या गेल्यावर शटर ओढलं आणि वर जाऊन बसले.

तेव्हापासून शटर बंद. हे वरच्या खिडकीशी बसायचे. पुढ्यात येईल ते जेवायचे, मीठ विसरलं तरी ब्र नाही. हेही मी सोसलं असतं. पण एके दिवशी हे खाली माझ्या खोलीत आले, उंबऱ्यावर न थांबता सरळ आत आले, आणि उघड्या बरणीशेजारच्या स्टुलावर बसून राहिले. मी वाट पाहिली. झाकणाबद्दल एक शब्द नाही. मी पाठ फिरवून कवळी घासत राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलेलं ह्यांना दाखवायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात ह्यांनी जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला फोन केला. हवेचं मशीन, जॅक, पान्यांचे खण, सगळं बघायला तो रविवारी येणार होता. "गंजून जाण्यापेक्षा कुणाच्या कामाला येऊ दे," हे म्हणाले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी भावजींना बोलावून घेतलं.

भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. घरात त्यांना अजून बारक्या म्हणतात, आणि माझ्या खोलीच्या दारातून त्यांना आडवं होऊन यावं लागतं. लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लोकांना वर-खाली पोचवून जो वेळ उरतो त्यात ह्यांच्या जुन्या गाडीच्या मागे लागतात. त्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून भावजींनी त्या जागी पेट्रोलचे फवारे बसवले होते, आणि कुठल्या क्षणाला किती फवारायचं हे ठरवायला घरी जोडलेला एक कॉम्प्युटर. तेव्हा मी त्यांची भरपूर टिंगल केली होती. शेजारच्या बायकांची शिलाई मशीनं बिघडलीत आणि हे गाडीला अक्कल शिकवतायत, असं चारचौघांत म्हणायची. ते हसायचे आणि चहा मागायचे.

पण त्या कॉम्प्युटरला अक्कल आली कुठून, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भावजी पुढच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, आणि हे मागे नळीशी. "जास्त." भावजी आकडा कमी करायचे. "अजून जास्त." पुन्हा कमी. "हां, इथेच ठेव." त्या डब्यातला एकेक आकडा ह्यांच्या नाकातून निघालेला आहे.

भावजी आले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, दादाचं नाक परत आणणं माझ्या हातात नाही. पण गाडीला दुसरं बसवता येईल."

मग त्यांनी खिशातून अंगठ्याएवढं एक लोखंडी बोंडुक काढलं. भंगारातल्या गाडीचं होतं. ते धुराच्या नळीत बसवतात, आणि धुरात प्राणवायू किती उरलाय ते त्याला कळतं. उरला असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काहीच उरला नसेल तर पेट्रोल जास्त होतंय, आणि ते जाळायला प्राणवायू किती कमी पडला तेही ते मोजतं. मात्र ते नुसतं बसवून चालत नाही. आतून त्याला लालबुंद तापवावं लागतं, तसंच तापलेलं ठेवावं लागतं, आणि ते जे पुटपुटतं ते कॉम्प्युटरला समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. ते करणारा कंट्रोलर भावजी स्वतः जोडणार होते.

"तयार मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळतो की."

"मग आणा ना. रविवार तोंडावर आलाय."

"तयार आणला तर दादा म्हणेल, दुकानातलं नाक. आणि खिडकीशी बसून राहील. मी जोडलेला असला तर निदान नावं ठेवायला तरी खाली येईल."

या माणसाला मी बिनकामाचा म्हणत आले होते. त्या दिवशी मी त्यांच्या चहात न मागता जास्त साखर घातली.

भावजी कामावरून सुटले की सरळ गॅरेजमध्ये यायचे. शटर बंदच, बाजूच्या दाराने. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी कंट्रोलर बसवला. वर हे बसलेले, खाली भाऊ बसलेला, आणि दोघांत एक जिना. एकमेकांना हाक मारायची नाही असा जणू करारच झालेला. मी आपली चहाचे कप घेऊन वर-खाली. वर गेले की हे विचारायचे, "काय करतोय तो?" मी म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं? जाऊन बघा." हे खिडकीबाहेर बघायला लागायचे.

गुरुवारी भावजी ते बोंडुक हातात घेऊन माझ्या खोलीत आले. चेहरा उतरलेला. पहिल्यांदाच वीज दिली, आणि आत टक् असा बारीक आवाज होऊन ते गेलं होतं. त्यांनी वरचं आवरण कापून आतला तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. मी भिंग लावून पाहिलं आणि मला हसूच आलं. पांढराशुभ्र तुकडा, मधोमध केसासारखी चीर. अशा चिरा मी आयुष्यभर पाहत आले आहे.

"भावजी, हे झिरकोनिया आहे ना?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"दातांच्या टोप्या कशाच्या करते मी? हा तर आमचाच माणूस निघाला. याला किती वेळात तापवलंत?"

"वेळ कसला, बटण दाबलं."

"गार दात भट्टीत टाकून एकदम जाळ केला तर माझाही तडकेल. आधी नुसती धग द्यायची. अंगातला ओलावा जाऊ द्यायचा. मग पायरी पायरीने वर."

भावजींनी कपाळावर हात मारला. डब्यात तापवण्याची सोय त्यांनी केली होती, हळू तापवण्याची केली नव्हती. लगेच खाली बसून प्रोग्राम बदलला. वीज तुटक तुटक द्यायची, आधी थोडी, मग जास्त, आणि इंजिन सुरू होऊन नळीतलं पाणी उडून गेल्यावरच पूर्ण. शुक्रवारी भंगारवाल्याकडून दुसरं बोंडुक आणलं. तसं त्याच्याकडे ते एकच उरलं होतं.

शनिवारी नव्या नाकाला हवा शिकवायची होती. म्हणजे असं, की चांगल्या हवेत धरून त्याला एकदा सांगायचं, बाबा रे, मोकळ्या हवेत प्राणवायू एवढा असतो. तेच त्याचं माप. पुढे धुरातलं सगळं ते त्याच मापाने मोजणार. दुधाने तोंड पोळल्यामुळे आम्ही आता ताकही फुंकून पीत होतो. गॅरेजमध्ये धूळ, जमिनीवर तेल, तिथे नको, असं मीच म्हटलं. "माझ्या टेबलावर करा. इथे स्वच्छ असतं."

टेबल मी स्वतः पुसलं. बोंडुक स्टँडला अडकवलं. भावजींनी तापवायला सुरुवात केली आणि मी बाजूला बसून एका आजोबांची कवळी पुरी करत राहिले. सोमवारी द्यायची होती. भावजींना सर्दी झालेली, दर दोन मिनिटांनी रुमाल. बोंडुक न तडकता तापलं. आकडा स्थिर झाला. भावजींनी बटण दाबून तो पक्का केला आणि आम्ही दोघांनी लहान मुलांसारख्या टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी भावजींनी शटर वर केलं. इतक्या महिन्यांनी उजेड आत आला, पान्यांच्या खणांवरची धूळ दिसली. व्यापारी अकराला येणार होता. भावजींनी गाडी सुरू केली, नाक तापेपर्यंत थांबले, मग कॉम्प्युटरला हुकूम दिला, आता हे नाक सांगेल तसं पेट्रोल सोड.

थोडा वेळ बरं चाललं. मग इंजिन अडखळायला लागलं. मग शिंकलं. पुढच्या बाजूने फट् करून हवा परत फेकली. पुन्हा शिंकलं. लॅपटॉपवर आकडा म्हणत होता, पेट्रोल जास्त आहे, आणखी कमी करतो. भावजी घामाघूम झाले. "वहिनी, आकडा तर बरोबर जागेकडे चाललाय. मग ही मरायला का टेकलीय?"

मला काय माहीत. माझं लक्ष जिन्याकडे होतं. जिन्यावर चपला वाजत होत्या.

हे खाली आले. माझ्याकडे बघितलं नाही, भावाकडेही नाही. इंजिनावर ओणवे झाले, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "बंद कर ते. उपाशी मारतोयस तिला."

"दादा, नाक म्हणतंय पोट भरलंय."

"तुझ्या नाकाला काय कळतंय? प्लग काढ."

प्लग निघाला. माझ्या टेबलावरच्या दातासारखा पांढराफटक. पेट्रोल पुरेसं असतं तर त्याच्यावर फिकट तांबूस रंग चढला असता. आवाज म्हणतोय उपाशी, प्लग म्हणतोय उपाशी, आणि डबा म्हणतोय अजीर्ण. हे जमिनीवर मांडी घालून बसले आणि भावजींना एकेक विचारायला लागले. नळीला भोक आहे का, वायर कुठून नेली, डबा कुठे टेकवला. तेवढ्यात व्यापारी आला. हसतमुख गृहस्थ, हातात टेप. "सामान दाखवता का?" म्हणाला. ह्यांनी वर न बघता त्याच्या हातात बॅटरी दिली. "जरा इथे उजेड धरा." तो बिचारा धरून उभा राहिला.

शेवटी ह्यांनी विचारलं, "याचं माप कशावरून घेतलंस?"

"मोकळ्या हवेवरून."

"कुठल्या मोकळ्या हवेवरून?"

"वहिनींच्या खोलीत," भावजी म्हणाले. "तिथे स्वच्छ असतं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तेव्हा बरणीचं झाकण लावलेलं होतं?"

मला आधी कळलंच नाही. मग डोळ्यांसमोर टेबल आलं. एका हाताला तापून लाल झालेलं ते बोंडुक, दुसऱ्या हाताला आजोबांची कवळी, आणि मध्ये लिक्विडची वाटी, शेजारी उघडी बरणी. लिक्विडची वाफ त्या तापलेल्या तुकड्यावर जाऊन जळत होती आणि जळताना आसपासचा प्राणवायू खात होती. आम्ही त्या नाकाला अपुरी हवा दाखवून सांगितलं होतं, ही पुरी. आखूड गजाने कापड मोजलं की कापड जास्त भरतं. ही जुनी गाडी चालतेच जराशा जास्त पेट्रोलवर, आणि ते नाक आता तेवढं जास्त दिसलं की त्या आखूड मापाने मोजून फारच जास्त आहे म्हणून ओरडत होतं, आणि कॉम्प्युटर इमानाने कमी करत होता.

वास न येणारी तीन माणसं एका घरात. एकाचं नाक गेलेलं, एकाचं चोंदलेलं, आणि माझं त्या वासाने कधीच मेलेलं. त्यांनी मिळून चौथ्याला वास शिकवला होता.

आणि हे हसले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळे पुसायला लागले. "लग्न झाल्यापासून सांगतोय," एवढंच म्हणत होते, "लग्न झाल्यापासून सांगतोय या बाईला." भावजी हसले, मीही हसले आणि हसता हसता रडलेही, आणि तो व्यापारी काही न कळता बॅटरी धरून आमच्याबरोबर हसत होता.

पुन्हा माप घ्यायचं ते गच्चीवर, असं ह्यांनी ठरवलं. गाडीची बॅटरी, डबा, बोंडुक, सगळं वर नेलं. ह्यांनी आधी वारा कुठून येतोय ते पाहिलं, शेजारच्या घराचं धुराडं कुठे आहे ते पाहिलं, मग जागा निवडली. बोंडुक जाड पक्कडीत धरून हात लांब केला आणि तापेपर्यंत तसेच उभे राहिले. "स्टँड लावू का?" भावजींनी विचारलं. "नको," हे म्हणाले. "मी धरतो."

दुपारी गाडी पुन्हा सुरू झाली. आकडा हलला, हलला, आणि ठरला. इंजिन असं चालायला लागलं की पान्यांच्या खणावर ठेवलेल्या कपातला चहा हलेना. हे मागे गेले. सवयीने नळीशी उकिडवे बसले, डोळे मिटले, वास घेतला. मी बघत होते. हे बराच वेळ तसेच बसले. मग डोळे उघडून मान हलवली, नाही म्हणून. चेहरा क्षणभर अगदी उघडा पडला. मी पुढे होणार एवढ्यात हे उठले, पुढे येऊन लॅपटॉपवरचा आकडा पाहिला, पुन्हा कान देऊन ऐकलं आणि भावाला म्हणाले, "मीही हेच सांगितलं असतं. तरी त्याला एकट्याला ठरवू देऊ नकोस. त्याने सांगायचं, मी ऐकायचं, दोघांचं पटलं तरच आकडा बदलायचा."

"बरं," भावजी म्हणाले.

"आणि ऐक. पेट्रोल कुठे गळत असेल तर ओरडणारं काही मिळतं का?"

"मिळतं. घरात गॅस गळला की वाजतं ना, तसलं."

"एक इथे भिंतीला लाव. जमिनीपासून टीचभर वर, पेट्रोलची वाफ खाली बसते. आणि एक हातात धरून फिरवता येईल असं. ते वाजतंय का बघितल्याशिवाय इथून एकही गाडी बाहेर जाणार नाही. पहिली सुईणबाईंची बोलव."

व्यापाऱ्याने टेप खिशात घातली. "म्हणजे सामान विकायचं नाही," तो म्हणाला. त्यालाही आता चहा मिळाला, आणि जाताना तो त्याच्या स्कूटरबद्दल काहीतरी विचारून गेला.

मी भावजींना दारापर्यंत सोडायला गेले. मला आभार मानता येत नाहीत, टोमणे येतात. त्या दिवशी मात्र नीट म्हटलं. म्हटलं, "भावजी, तुम्ही माझा माणूस मला परत आणून दिलात. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही." ते लाजले. एवढा मोठा माणूस लाजला की दार अजूनच अरुंद वाटतं. म्हणाले, "मी काय आणलं, वहिनी? मी जोडलेलं तर चुकीचंच चालत होतं." मी म्हटलं, "म्हणूनच तर." ते दुकानातलं नाक आणत नव्हते ते का, हे मला तेव्हा पुरतं उमगलं होतं, आणि मी मनात त्यांच्या सर्दीचेसुद्धा आभार मानले.

सोमवारी सकाळी मी आजोबांच्या कवळीवर शेवटचा हात फिरवत होते. गॅरेजमधून सुईणबाईंचा आवाज येत होता, हवेचं मशीन धडधडत होतं. माझ्या दारात सावली पडली. मी वर पाहिलं नाही. सावली आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच थांबली.

"अगं, झाकण लाव."

माझे हात थांबले. "वास आला?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "बरणी उघडी दिसली."

झाकण माझ्या हाताशीच होतं. मी लगेच लावलं.